रामलिंगप्पा मास्तरांना लागलेलं विशेषण

रामलिंगप्पा मास्तरांवर अन्याय झाला. आषाढातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी, शाळेची पहिली घंटा होऊन गेल्यावर, इंग्रजी सहावीच्या वर्गात, मुलांच्या देखत झाला. आणि करणाऱ्याला त्यासाठी एका शब्दापलीकडे काही खर्च करावं लागलं नाही. कार्तिक वद्यात एके दिवशी उजाडता उजाडता मास्तर वारले. विषमज्वराने गेले असं सगळे म्हणतात. मी म्हणणार नाही. ज्याच्या घरी दोन गल्ल्या ओलांडून डॉक्टर येत नाही तो माणूस तापाने मरत नाही, त्या दोन गल्ल्यांनी मरतो.

बातमी मला माझ्या वडिलांनी दिली. आबा गिरणीच्या पहिल्या पाळीला निघाले होते ते कोपऱ्यावरून परत फिरले. मी चूळ भरत होतो. आबा दारातच उभे राहिले, म्हणाले, "मास्तर गेलं." मग इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून, "जायचं तर जा. पर मागच्या बोळानं जा." माळशिरसाकडून तरणेपणी नुसत्या धोतरावर शहरात आलेला हा माणूस; गिरणीच्या भोंग्याला भ्यायला नाही, मुकादमाला भ्यायला नाही. त्या सकाळी तो भ्यायला होता. मी पुढच्या रस्त्यानेच गेलो. त्यात शौर्य काही नव्हतं, मागच्या बोळात मला जास्त भीती वाटली असती, एवढंच.

ज्यांनी मास्तरांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मास्तर मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, बाजारात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि तिन्हींचा एकमेकींना धक्का लागू न देता ते बोलत. डोक्याला रुमाल, कपाळाला विभूती, अंगात बंद गळ्याचा कोट, आणि उजव्या हाताची बोटं कायम खडूने पांढरी. एका खासगी शाळेत ते इंग्रजी शिकवत, आणि संध्याकाळी साळ्यांच्या वस्तीत आपल्या घराच्या पुढच्या खोलीत फुकट वर्ग घेत. मागावर बसणारे, गिरणीतले, माझ्यासारखे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे, असे आम्ही तिथं दाटीवाटीने बसायचो. अर्धे घरी तेलुगू बोलणारे. मास्तरांच्या पत्नी शांतव्वा, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, आतून भाकऱ्या थापता थापता आमचं इंग्रजी ऐकायच्या आणि कुणी फारच अडखळलं तर हसायच्या.

मास्तरांची शिकवायची एक रीत होती. नामाचा अर्थ ते लगेच सांगत. झाड म्हणजे झाड. विशेषणाचा अर्थ मात्र लगेच कधीच सांगत नसत. आधी विचारायचे, कोण म्हणतो, कुणाला म्हणतो, आणि म्हटल्यावर ऐकणाऱ्याचं काय होतं. "नाम हा माणूस आहे," ते म्हणायचे, "आणि विशेषण हा त्याच्या अंगावर दुसऱ्याने टाकलेला सदरा. सदऱ्याचं कापड मागनं बघू. टाकला कुणी ते आधी विचारा." आम्हाला तेव्हा ही उगाच लांबण वाटायची. शब्दकोशात एका ओळीत मिळतं ते हे दोन संध्याकाळी का पुरवतात, म्हणून आम्ही कुजबुजायचो. ते ऐकूनही पुरवायचे.

त्या मंगळवारी शाळेत तपासणीला एक गोरे अधिकारी आले होते. शहराने लष्करी अंमल पाहून फार दिवस झाले नव्हते. वर्गात शिरणाऱ्या कुठल्याही बुटाचा आवाज मुलांना वेगळा ऐकू यायचा. उन्हाळ्यात एक हरताळ झाला होता आणि त्या दिवशी सहावीतली बरीच बाकं रिकामी होती. साहेबांनी मास्तरांना विचारलं, त्या दिवशी मुलांना चिथावणारे कोण, त्यांची नावं सांगा. मास्तर म्हणाले, मी त्यांना इंग्रजी शिकवतो, ते कुठं गेले होते हे मी विचारलेलं नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं. मास्तरांनी पुन्हा तेच सांगितलं, शब्दही न बदलता. तेव्हा साहेब हेडमास्तरांकडे वळले आणि मास्तर समोर उभे असताना, ते जणू भिंतीवरचा नकाशा असावेत अशा थाटात, म्हणाले की हा इसम रिकॅल्सिट्रंट आहे. आणि निघून गेले.

बोलणं मला सहावीतल्या मुलांनी सांगितलं; शब्द वस्तीत आणला गुंडू शिपायाने. तो पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी होता. गुंडूला इंग्रजी येत नाही, पण साहेबाच्या तोंडून पडलेला शब्द जपून ठेवायची त्याला सवय. त्याने तो तुकड्या-तुकड्याने पाठ केला, एकही तुकडा न सांडता शाळेबाहेर आणला आणि दुपारच्या सुट्टीत पानाच्या दुकानावर ठेवला. संध्याकाळपर्यंत तो आमच्या वस्तीत माग चालतात त्या घराघरांतून फिरला. अर्थ कुणालाच माहीत नव्हता. शाळेच्या मंडळींनी हेडमास्तरांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि प्रकरण गंभीर आहे एवढंच सांगितलं. एका वकिलाच्या कारकुनाने सांगितलं की हा कलमाचा शब्द आहे, लागला की सुटत नाही.

परगावच्या वाचकाला इथं हसू येईल. हसू नका. आमच्या शहराच्या कडेला तारेचं कुंपण आहे. त्याच्या आत बायकापोरांसकट माणसं ठेवलेली आहेत आणि त्यांना हजेरी द्यावी लागते. का? कारण त्यांच्या जमातीच्या नावापुढे सरकारने 'गुन्हेगार' हे विशेषण लावलं. आत जन्मणारं मूल रडायच्या आधी ते विशेषण घेऊन येतं. आम्ही लहान असताना रडलो की आया म्हणायच्या, गप, तारेत घालतील. तेव्हा आमच्या वस्तीने जो हिशेब बांधला तो असा, की आधी साहेब इंग्रजी शब्द बोलतो, मग त्याचा कागद निघतो, मग तार. मास्तरांना शब्द लागला. आता त्यांचं घर, मग त्या घरात जाणारेयेणारे. अशी चूक दुसऱ्या कुठल्या गावाने केली नसती. आम्ही केली, कारण आमच्या डोळ्यांसमोर ती एकदा खरी होऊन बसलेली आहे.

त्या आठवड्यात वर्गाला आम्ही थोडेच उरलो होतो. माझ्या शेजारी नरसय्या बसला होता. नरसय्या हातमागावर लुगडी विणतो. त्याचा थोरला मुलगा मास्तरांच्याच शाळेत सहावीत. एरवी तो मुलाला पोहोचवून बाहेरच्या कट्ट्यावर बिडी ओढत थांबायचा. त्या दिवशी मुलाला घरी ठेवून एकटा आत आला होता. मी धीर करून म्हणालो, मास्तर, त्या शब्दाचा अर्थ सांगा.

"कुठल्या शब्दाचा?"

त्यांना माहीत होतं. मी उच्चारावा असं त्यांना वाटत होतं. मला उच्चारवेना. दार उघडं होतं, रस्त्यावरून माणसं जात होती.

"बोल की, सिद्राम. चावत न्हाय त्यो."

शेवटी मी तो पुटपुटलो. आत अक्कांचं थापटणं थांबलं. मास्तरांनी मात्र फळ्यावर तो ठसठशीत लिहिला, आणि लिहून झाल्यावर जाऊन दार लोटून घेतलं... मास्तरांनी दार लोटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग शिकवायला लागले. ह्या शब्दाच्या पोटात टाच आहे, ते म्हणाले. इंग्रजीने जिच्यातून शब्द उचलले त्या जुन्या भाषेतली टाच. जनावर पुढं चल म्हटलं तर जागचं हलत नाही आणि मागचे पाय झाडतं, ते.

"म्हंजे लाथाड," नरसय्या म्हणाला.

"व्हय. लाथाड."

"साहेब तुमाला लाथाड म्हनला, येवढंच?"

"येवढंच."

नरसय्या फळ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "येवढ्याला येवढा लांब शब्द कशाला लागतोय, मास्तर?" आम्ही सगळे हसलो. मास्तरही हसले. नरसय्या हसला नाही, त्याने खरंच विचारलं होतं.

मग नेहमीप्रमाणे, वाक्यात उपयोग करा. कुणी टांग्याच्या घोड्यावर वाक्य केलं, कुणी घरातल्या धाकट्या भावावर. मला चेव आला होता. मी उभा राहून वाक्य केलं की साहेब रिकॅल्सिट्रंट आहे. नावं सांगत नाही म्हटलं तरी ऐकत नाही. मला वाटलं मास्तर पाठ थोपटतील. ते म्हणाले, व्याकरणाने बरोबर. पण असं वाक्य तुला कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. का? मी म्हणालो, का? तर ते खाली बसले, रुमाल काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले:

"लाथाड कोण? ज्याचा कासरा दुसऱ्याच्या हातात, तो. साहेबाचा कासरा कुणाच्या हातात हाय? कुणाच्याच न्हाय. मग त्यो किती बी झाडू दे लाथा, त्याला ह्यो शब्द लागत न्हाय. अर्थ शब्दकोशात गावतोय रे. कासरा गावत न्हाय. तो आपला आपण हुडकायचा."

मी आजवर बरीच हस्तपत्रकं लिहिली, जुळवली, वाटली. त्यांतल्या कशातही मला इतकं शिकायला मिळालेलं नाही. पण त्या संध्याकाळी मला शिकल्याचा आनंद झाला नाही. अर्थ कळल्यावर भीती जाते असं आम्हाला सांगितलेलं असतं. माझी वाढली. तोपर्यंत तो नुसता आवाज होता. आता त्याच्यामागे हात दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांकडे होतो तेव्हा नरसय्या आला. आत येईना. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "मास्तर, तुमी देवमाणूस हाव. माझ्या पोराचं नाव तुमी सांगितलं न्हाय, मला ठावं हाय. पर मला चार लेकरं हायती. तारेतल्या मान्सांचा बी आदी शब्दच आला हुता की." मास्तरांनी त्याला एका शब्दाने अडवलं नाही. तो गेल्यावर मी चिडून म्हणालो, अर्थ समजावून सांगितला तरी ह्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही. मास्तर माझ्यावर एवढे संतापलेले मी कधी पाहिले नव्हते. म्हणाले, त्याला सगळं समजलंय, तुलाच नाही. लाथाड जनावराला काय करतात हे त्याला विचारायची गरज नाही.

तरी मी पत्रक काढायचं ठरवलं. शब्दाचा अर्थ काय, तो कुणी कुणाला वापरला, कशासाठी वापरला, सगळं. मजकूर तयार होता. छापखान्याच्या मालकांनी पहिली ओळ वाचली आणि कागद दिव्यावर धरला. ते वाईट गृहस्थ नाहीत. सरकारने छापखान्यांकडून अनामती मागायला सुरुवात केल्यापासून त्यांना झोप नाही. म्हणाले, दुसरं काही छाप, लग्नपत्रिका छाप, हा शब्द माझ्या खिळ्यांनी जुळवायचा नाही. मास्तरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, बरं झालं. त्यांना बरं का वाटलं ते मला तेव्हा कळलं नाही.

शाळेने त्यांना काढलं नाही. काढलं असतं तर निदान भांडता आलं असतं. फक्त त्यांना वर्ग द्यायचं बंद केलं. सकाळी जायचं, शिक्षकांच्या खोलीत बसायचं, संध्याकाळी यायचं. तिथं त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. गुंडू शिपाई त्यांच्यापुढे पाणी ठेवताना तांब्या टेकवायचा आणि हात चटकन मागं घ्यायचा. संध्याकाळचा वर्ग भाद्रपदात संपला. म्हणजे कुणी संपवला नाही, एके दिवशी मी एकटाच होतो. मास्तरांनी मला एकट्यालाही उभं राहून शिकवलं.

आणि नवरात्राच्या सुमारास एका संध्याकाळी, काही बोलणं चाललेलं नसताना, त्यांनी मला विचारलं, "तारेत पुस्तकं नेऊ देतात का रे?"

मला वाटलं थट्टा करताहेत. तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. साऱ्या वस्तीत त्या शब्दाचा अर्थ नेमका माहीत असलेला एकच माणूस होता, आणि त्यालाही शेवटी वस्तीचाच अर्थ लागला होता. पत्रक जळाल्याचं त्यांना बरं का वाटलं ते मला आता कळलं. मी म्हणालो, मास्तर, तुमच्यासारख्याला तिथं कोण नेतंय. ते म्हणाले, "ते मला बी म्हाईत हाय. तरी सांग." त्या दिवसापासून रस्त्यावर टांगा थांबला की ते वाचता वाचता मान वर करायचे, आणि टांगा पुढं गेला की मान खाली घालून तीच ओळ परत पहिल्यापासून वाचायचे.

दिवाळी झाली आणि ताप आला. अक्कांनी दोन दिवस काढे दिले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, डॉक्टरला आण. डॉक्टर दोन गल्ल्यांपलीकडे राहतात. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण त्यांच्यासारखे ह्या शहरात पुष्कळ आहेत. त्यांनी मला बघताच पिशवी उचलली, चप्पल पायात सरकवली आणि विचारलं, कुणाकडे? मी नाव सांगितलं. पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही. हातात धरून तसेच उभे राहिले.

"सिद्राम, माझा टांगा सारं गाव ओळखतं."

मी म्हणालो, मग चालत चला. ते म्हणाले, मलाही सारं गाव ओळखतं. मग त्यांनी मला शिकवलं, जीभ कशी बघायची, पोट कुठं दाबायचं, नाडी कशी धरायची. जा, बघून ये, मी औषध देतो. मी गेलो, बघून आलो, सांगितलं, बाटली घेऊन परत गेलो. असे दिवस गेले. एक छापखान्यातला जुळारी डॉक्टरचे डोळे आणि हात होऊन दोन गल्ल्यांतून पळत होता, आणि दर खेपेला मला वाटत होतं, की मी चुकीचं बघितलं असेल, चुकीचं सांगितलं असेल. शेवटच्या संध्याकाळी मास्तर ओळखीनासे झाले तेव्हा मी डॉक्टरांचं दार वाजवलं. आतून बाईंनी सांगितलं, घरात नाहीत. त्यांच्या चपला उंबऱ्याशी होत्या. मी त्या चपलांकडे पाहिलं, बाईंनीही पाहिलं, आणि दार लागलं.

लिंगायतांत माणसाला शेवटचं बसवून नेतात. मास्तर बसलेले होते, कपाळभर विभूती, मान किंचित कलती, जशी फळ्याकडे बघताना असायची. जंगम आले. मैंदर्गीहून अक्कांचे भाऊ आले. खांदा द्यायला आणखी माणसं हवी होती आणि गल्ली रिकामी होती. दिवसाढवळ्या एवढ्या दाट वस्तीतली गल्ली रिकामी कशी होते हे बघायचं असेल तर त्या दिवशी बघायला हवं होतं. सगळे माग बंद. कवाडांच्या फटींतून डोळे. तेव्हा आबा आले, मला मागच्या बोळाने जा म्हणणारे आबा, पाळी बुडवून, पुढच्या रस्त्याने, आणि खांदा लावला. वळणावर नरसय्या उभा होता. हात जोडलेले, डोळ्यांतून धारा. आम्ही त्याच्याजवळून गेलो. तो पुढं झाला नाही. मी रागाने त्याच्याकडे बघणार होतो, पण माझंच लक्ष खांद्यावरच्या ओझ्याखालून वर, माड्यांच्या खिडक्यांकडे होतं, कोण बघतंय, कोण लिहून घेतंय...

कुणी लिहून घेतलं नाही, हे लक्षात ठेवा. आषाढापासून आजपर्यंत सरकारचा एकही कागद त्या दारात आलेला नाही. साहेब तो शब्द बोलून गेले आणि बहुधा दुपारच्या जेवणाआधी विसरले. पुढचं सगळं काम आपण केलं. खुर्ची रिकामी ठेवली, पोरं काढून घेतली, मजकूर जाळला, दार लावलं. तार आपण ओढली. फुकट.

आता घरमालकाने अक्कांना सांगितलं आहे की पौषाच्या आत जागा मोकळी करा. भाऊ म्हणतात मैंदर्गीला चल. अक्का जायला तयार नाहीत. परवा मला म्हणाल्या, "त्यांनी काय चोरी केली का, सिद्राम? मग मी का म्हणून तोंड लपवून जाऊ? एक तरी माणूस उजेडी, पुढच्या दारानं येऊन बसू दे. मग बघीन जायचं का ऱ्हायचं." मी म्हणालो, मी येतोच की. त्या म्हणाल्या, तू घरचा, तू मोजण्यात नाही.

म्हणून हे लिहून ह्या साप्ताहिकाकडे पाठवलं; ते आमच्या छापखान्यात निघत नाही. मास्तर थोर होते असं वाचून तुम्ही हळहळावं एवढ्यासाठी नाही. ज्यांची मुलं तेव्हा सहावीत होती त्या बापांना मी विचारतो आहे: त्यांनी तुमच्या मुलाचं नाव साहेबाला सांगितलं नाही. तुम्ही त्यांचं नाव घरात तरी मोठ्याने घेता का? आणि डॉक्टर, तुम्ही हा अंक वाचता हे मला माहीत आहे.

ह्या गुरुवारी या. ऊन असताना या, टांग्याने या, चालत या, गल्लीतल्या सगळ्यांना दिसेल असे या. अक्का दारात असतील. कानडीत म्हणतील, "बर्री, कुंड्री," म्हणजे या, बसा. बसा. पाणी मागून प्या. संध्याकाळी मुलांना पाठवा; मास्तरांएवढं मला येत नाही, जेवढं येतं तेवढं मी शिकवीन. मला स्वतःला भीती वाटते आहे, आत्ता हे लिहितानाही. ती गेल्यावर जाऊ म्हणून थांबलो तर अक्का तोवर गेलेल्या असतील. तेव्हा भीत भीत या. पण या.